पांढऱ्या कडेतलं नाव

आप्पा, घोडेगावच्या आपल्या स्टुडिओत कॉम्प्युटर आला तेव्हा तुम्ही त्याला हात लावला नाहीत. "आमचं व्हतं ते डार्करूमसंगं गेलं. तू शिकलीयस, तू बघ," म्हणालात. मी बी.कॉम., नवरा सोडून परत आलेली. मंचरला महिनाभर क्लास करून शिकले. तुम्ही प्रिंट काढताना कागदाच्या कडा झाकून पांढरी पट्टी राखायचात. मी कॉम्प्युटरवर फोटोभोवतीची जागा वाढवायची, पांढरा रंग द्यायची, खालची कड जरा रुंद ठेवायची. फोटो काढणाऱ्याचं नाव तिथं बसतं, ही तुमचीच शिकवण.

आहुप्याच्या देवराईचा फोटो मी काढला. एसटीने गेले, पुढं पायी, आणि उन्हाचा पट्टा झाडांतून जमिनीवर उतरेपर्यंत हलले नाही. सरकारी कचेरीत लावायला मोठी प्रिंट हवी होती. मी कड घालतेय आणि तुम्ही खुर्चीमागे उभे आहात.

"खाली भावाचं नाव टाक."

"तो अवसरीला इंजिनिअरिंग करतोय, आप्पा. कॅमेऱ्यात कार्ड कुठं घालतात तेही त्याला माहीत नाही."

"उद्या दुकान त्यालाच बघायचंय. तुझं काय, परत कुठंतरी लगीन व्हईल."

मी टाइप केलं. तेवढं मी तुम्हाला माफही केलं असतं. पण फोटो भिंतीवर चढला त्या दिवशी कुणीतरी म्हणालं, "राव, पोरगं लई भारी फोटो काढतंय!" मी तुमच्या शेजारी उभी होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग हसून म्हणालात, "हातातच हाय त्याच्या." ते बोलायला तुम्हाला कुणी भाग पाडलं नव्हतं.

भाऊ नोकरीला पुण्यात गेला, दुकानात एक दिवस बसला नाही. मीच बसते. पाटी अजून त्याच्या नावाची आहे.

तुम्ही गेलात तेव्हा घरच्या भिंतीवरचा तुमचा फोटोही मीच केला. काळी कड घातली. भाऊ म्हणाला, "ताई, खाली लई जाड झाली गं." म्हटलं, असू दे.

हा कागद तुमच्या जुन्या निगेटिव्हच्या डब्यात ठेवतेय, म्हणून सांगून टाकते. त्या कडेत मी माझं नाव लिहिलंय, काळ्यावर किंचित फिकट काळ्यात. सकाळचं ऊन दारातून तिरकं आलं की दिसतं. भावाला वाटतं मी चिक्कूपणा करते, पण तुमच्या फोटोला हार मी मुद्दाम आखूड आणते. लांब हाराखाली ते झाकलं जातं.