तुमच्या लहान पातेल्याबद्दल

प्रिय प्रमोदराव,

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. जामबागेतल्या तुमच्या दोन खोल्यांत माणसं दाटीवाटीनं जेवली. मी थोरला साडू, म्हणून मला पंख्याखालची जागा. ताक वाढता वाढता तुमची रेवती हळूच म्हणाली, "काका, बाबांना खरंच काही जमत नव्हतं का? आई म्हणते, तुमची रेसिपी हातात होती, तरी त्यांनी बिअर बिघडवली."

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "प्रत्येकाच्या हाताला गुण नसतो, बेटा." आणि वाटी पुढं केली.

म्हणून आज लिहायला बसलोय. मेलेल्या माणसाला लिहिणं सोपं असतं, तो उलट विचारत नाही. तसं तुम्ही जिवंतपणी तरी कुठं विचारलंत?

बिअर करायला मला तुम्हीच शिकवलंत, आठवतं? हॉप्सची ती सुकलेली हिरवी फुलं तळहातावर चुरगळून माझ्या नाकाशी धरलीत. म्हणालात, "हुंगा दादा. बिअरला कडूपणा येतो तो ह्यानं." तुमचं सगळं अंदाजानं, जिभेवर. गव्हाची सौम्य बिअर करायचात, तिला फुलं लागायची चिमूटभर. मी मात्र पुस्तकं मागवली, वजनकाटा घेतला, तीस लिटरचं स्टीलचं पातेलं घेतलं. तुमचं होतं दहा लिटरचं, एका कानाला पोचा आलेलं.

आणि त्या पाडव्याला सासरे सगळ्यांसमोर काय म्हणाले? "दिलीपचं पातेलं मोठं, पण प्रमोदची चव मोठी!" सगळे हसले. तुम्ही लाजून मान खाली घातलीत. मीही हसलो, प्रमोदराव. पण ते वाक्य घशात अडकलं ते अडकलंच.

पुढच्याच वर्षी, तुम्ही कामाला होतात ते कोठी भागातलं औषधांचं दुकान मालकानं बंद केलं. बावन्नाव्या वर्षी तुम्ही घरी बसलात. तेव्हा गच्चीबावलीतल्या एका बारवाल्याला बिअरच्या भट्टीवर माणूस हवा होता. तो म्हणाला, "चांगली कडू बिअर बनाके लाओ, चखके देखेंगे." कडू बिअर तुम्ही कधी केली नव्हती. माझी त्यातच ख्याती. तुम्ही माझ्याकडे आलात, हातात तुमच्या सुनंदानं दिलेल्या करंज्यांचा डबा.

मी कागद दिला. वीस लिटरला तीस ग्रॅम फुलं.

तुम्ही तो दोनदा वाचलात. "दादा, माझं पातेलं लहान आहे. मी थोड्या पाण्यात धान्याचा रस घट्ट उकळतो आणि मागून गार पाणी घालून वीस लिटर करतो. फुलं वाढवायला लागतील का?"

किती नेमका प्रश्न! जिभेवर चालणारा माणूस बरोबर त्याच जागी येऊन थांबला होता. मला उत्तर माहीत होतं. तीस ग्रॅमचं माप माझ्या पातेल्याचं, जिथं सगळं पाणी एकदम उकळतं. घट्ट रसात फुलांचा कडूपणा कमी उतरतो, आणि वरून पाणी पडलं की जो उतरला तोही पातळ होतो. तुम्हाला पंचेचाळीस तरी लागले असते.

मी म्हणालो, "काही बदलू नका. जसंच्या तसं करा."

तिथंच संपलं असतं, तर जीभ घसरली म्हणून स्वतःला समजावलं असतं. पण तुम्ही पुन्हा फोन केलात. "दादा, उकळून झालं, चाखलं. गोडच लागतंय हो."

"आंबल्यावर गोडी जाते. आता हात लावू नका."

"हौ दादा, तुम्ही म्हणता तर बरोबरच असंल."

का प्रमोदराव? एवढा विश्वास साडूवर ठेवतात का कुणी? मोबाईलवर एकदा शोधलं असतंत तर पाच मिनिटांत मी उघडा पडलो असतो! मला कधी कधी तुमचाच राग येतो. तुम्ही थोडे तरी संशयी असतात, तर मी एवढा नीच ठरलो नसतो.

स्कूटरवर बाटल्या हिंदकळतील म्हणून मीच तुम्हाला गाडीतून नेलं. ओल्या टॉवेलात गुंडाळलेल्या सहा बाटल्या तुम्ही मांडीवर धरल्या होत्या. बारवाल्यानं एक घोट घेतला, ग्लास उजेडात धरला.

"क्या मियाँ, ये बिअर है कि शरबत?"

त्याची माणसं हसली. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. तुम्ही आपला ग्लास उचललात आणि सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यालात.

परतताना अफझलगंजच्या पुलावर गाडी अडकली. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "माफ करा दादा. तुमची चांगली रेसिपी मी वाया घालवली."

मी म्हणालो, "असू द्या. होतं असं."

त्यानंतर तुम्ही बिअर केली नाहीत. एका दवाखान्यात बिलं फाडायला लागलात, आणि तिथंच, काउंटरवर मान टाकलीत. बारवाल्यानं कामावर ठेवलं असतं तर जगला असतात? माहीत नाही. हे मी माझ्या अंगावर घेत नाही. पण जी तीन वर्षं तुम्ही स्वतःला नालायक समजत जगलात, ती माझी. तुमच्या बायकोच्या तोंडी जे वाक्य आहे, तेही माझंच.

आज सकाळी माझ्या नीलाला सगळं सांगितलं. ती भाजी निवडायची थांबली. म्हणाली, "आता सांगून कुणाचं भलं होणारंय? माझ्या बहिणीचं दार मला बंद कराल. गप बसा." मग आत निघून गेली. दुपारचं जेवण मी एकट्यानं जेवलो.

येत्या रविवारी मी जामबागेत येणार आहे. सुनंदाला आणि रेवतीला समोर बसवून सांगेन. रेवतीला मराठी धड वाचता येत नाही, नाहीतर हेच कागद तिच्या हातात देऊन पळालो असतो. आता तोंडानंच बोलावं लागेल. प्रमोदरावांनी विचारलं होतं, मला माहीत होतं, मी मुद्दाम खोटं सांगितलं, दोनदा. एवढंच बोलेन. मत्सराची गोष्ट रंगवून सांगणार नाही.

आणि माफी मागणार नाही. मागितली की ती पोर "जाऊ द्या काका" म्हणेल. तुमचीच मुलगी ती. मी पुन्हा सुटेन. सुटायचं नाही, एवढा शब्द देतो तुम्हाला.

तुमचा थोरला साडू,
दिलीप