पाहुणीचे दोन शब्द

आप्पा, मागच्या आठवड्यात शहाद्याला तुमच्या तहसीलच्या आवारात गेले होते. जिथे टेबल टाकून तुम्ही लोकांचे अर्ज लिहून द्यायचात, तिथे आता झेरॉक्सचं दुकान आहे. तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली, तरी माझे पाय त्या कोपऱ्यापाशी थांबलेच. सिस्टरांच्या शाळेतून सुट्टीला आले की दुपारभर मी तुमच्या शेजारी बसायचे. "मन्ही मडम उनी," असं तुम्ही चहावाल्याला लेकीच्या कौतुकाने सांगायचात. एक दिवस अजून लख्ख आठवतो. धडगावकडची बाई समोर उभी आहे, साहेबाने शिवी देऊन हाकलल्याचं सांगते आहे आणि तुम्ही लिहिता, 'सहानुभूतीने विचार व्हावा ही नम्र विनंती.' शिवी कागदावर कुठेच नव्हती, म्हणून मी तो उचलून तिला मोठ्याने वाचून दाखवायला लागले. तुम्ही तो हातातून ओढून घेतलात. ती गेल्यावर म्हणालात, "तिले परत त्याच टेबलपुढे उभं ऱ्हानं शे. तू जाशी का तिनासंगे?" मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही भित्रे आहात, असं मला तेव्हा वाटलं आणि पुढेही बरीच वर्षं वाटत राहिलं.

त्याच दिवशी तिथे एका लहानशा देशातून एक अधिकारी बाई आल्या होत्या. आपल्या लोकायुक्तांसारखं कार्यालय त्यांच्याकडे आहे. तिथल्या आणि इथल्या लोकांनी एकमेकांची कामं बघून शिकायचं ठरवलं आहे. आपले काही साहेब तिकडे जाऊन आले, आता या इकडे आल्या. डोंगरातली माणसं लाचेची तक्रार कशी नोंदवतात, ते त्यांना बघायचं होतं. इंग्रजीची निवृत्त बाई म्हणून दुभाषी मी. त्या म्हणाल्या, ज्याला लिहिता येत नाही त्याची तक्रार आम्हीच लिहितो, त्याला वाचून दाखवतो आणि तो हो म्हणाला तरच सही घेतो. त्यांच्याबरोबर आलेल्या आपल्या साहेबांना ते फार आवडलं. मला म्हणाले, "मॅडम, आत्ताच करून बघू."

समोर एक म्हातारी होती, सोबत आश्रमशाळेत शिकलेली सून. म्हातारी पावरी बोलीत बोलायची, सून ते मराठीत सांगायची. वनजमिनीच्या पट्ट्याची फाईल पुढे सरकत नव्हती. कारकुनाने कोंबडा मागितला, तो दिला. आता बोकड मागत होता. पाहुणीला मी सगळं इंग्रजीत नीट सांगितलं, पण कागदावर लिहिलं, 'कामास विलंब होत आहे.' हात आपोआप तसा चालला, आप्पा. वाचून दाखवलं, सुनेने सांगितलं, तशी म्हातारी खुदकन हसली. सून म्हणाली, "सासू विचारते, कोंबडा कुठं गेला? त्याने खाल्ला तो खाल्ला, आता तुम्ही पण खाता का?" सगळे हसले. मी दुसरा कागद घेतला आणि कोंबडा, बोकड, कारकुनाचं नाव, सगळं लिहिलं.

अंगठा लावताना मात्र ती थांबली. सून हळूच म्हणाली, "त्याला कळलं तर काय, विचारते. फाईल त्याच्याच कपाटात आहे." मी ते पाहुणीला सांगितलं. पाहुणी पुढे झुकून अगदी मायेने म्हणाली, "आमच्या देशात तक्रार करणाऱ्याला कुणी त्रास दिला, तर त्याची नोकरी जाते." मी मराठीत सांगितलं, "तक्रार करणाऱ्याला कुणी त्रास दिला, तर त्याची नोकरी जाते." सुनेने ते पावरीत सांगितलं. म्हातारीने मान हलवली आणि अंगठा लावला.

'आमच्या देशात' हे शब्द मी गाळले. विसरले नाही, गाळले. आपल्याकडे पुढे काय होतं, ते कुणी विचारू नये म्हणून असेल, किंवा म्हातारीने माघार घेऊ नये म्हणून. तुम्हीही शब्द गाळायचात, पण धडगावकडच्या त्या बाईला सांभाळून घेण्यासाठी. कागद साहेबांबरोबर गेला, पाहुणी तिच्या देशात परत गेली, म्हातारी तिच्या पाड्यावर. सुनेचा नंबर मी मागून घेतला होता. रोज सकाळी तो काढून बघते. अजून लावलेला नाही.