बांधलेला हात

चांदा,
डिसेंबर १९५७

प्रिय वच्छी,

हे पत्र तुला नानाजी मास्तर वाचून दाखवणार, हे धरूनच लिहायला बसले आहे. मास्तरांना सांग, घाई करू नका, आणि जिथे माझा आवाज चढलेला दिसेल तिथे तुमचाही चढू द्या. तुझ्या सासूबाईंनाही ओसरीवर बसवून घे. भागरताबाई सूप घेऊन बसतील, तांदूळ निवडत असल्याचे दाखवतील आणि एकही शब्द सुटू देणार नाहीत. तेच मला हवे आहे. जन्मभर बाजारात, पारावर, शाळेच्या पटांगणात उभी राहून बोलले. आज पहिल्यांदाच तुझ्या अंगणात बोलते आहे, आणि तेही स्वतः हजर न राहता.

हजर राहू शकत नाही, कारण मी इथे अडकले आहे. दवाखाना परकोटाच्या आतल्या अंगाला आहे. माझ्या खाटेजवळ खिडकी आहे आणि खिडकीबाहेर परकोटाची भिंत. काळा दगड, त्यात उगवलेले पिंपळाचे रोप, आणि वर हातभर आभाळ. मी बेचाळीस साली जेलात होते तेव्हा निदान शिव्या द्यायला समोर सरकार होते. इथे कोणाला देणार? माझा खांदाच माझा जेलर. खिडकीची कडी वरच्या अंगाला आहे. पहिल्या दिवशी ती काढायला हात उचलला, तर छातीच्या वर गेलाच नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईने उठून उघडून दिली. ज्या बाईच्या भाषणाने ठेकेदार घाम पुसायचे, तिला वाऱ्यासाठी दुसऱ्याला हाक मारावी लागते, हे तू कोणाला सांगू नकोस. अर्थात आता मास्तरांनी सांगितलेच आहे.

हे कसे झाले ते तुला ठाऊक आहे. मृगाच्या तोंडाशी नाल्यात बैलांसकट खासर कलंडली, मी उजव्या खांद्यावर पडले. हाड मोडले नव्हते. पण दुखत होते, म्हणून मी हात फडक्याने गळ्यात बांधला आणि पावसाळाभर तसाच ठेवला. दुखते तर हलवायचे काऊन, हे आपल्या आईपासून सगळ्यांचे शहाणपण. दुखणे हळूहळू कमी झाले आणि मी म्हटले, बरा झाला. फडके सोडले, तर हात खाली लोंबत राहिला. मेला नव्हता, पण वर जायचे विसरला होता.

आणि मग दसऱ्याआधीचा तुमच्या गावचा बाजार. ती गंमत, की फजिती, तू पाहिली नाहीस, तू घरात होतीस. मी तासभर बोलले. पोरींना शाळेत घाला, सात वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर शेणाची पाटी आणि पोराच्या हातात पाटी-पेन्सिल, हा कुठला न्याय, असे बोलले की बाया डोळे पुसत होत्या. शेवटी म्हटले, माता मायची शपथ घ्या, हात वर करा. माझा उजवा उठेना. म्हणून मी डावा उचलला. समोर सगळा बाजार माझे पाहून डावा हात वर करून उभा! मला वाटले, जिंकले. घटकाभराने तुझ्या सासूबाई मिरच्या घेता घेता सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलल्या, "बाई बोलली चांगली, पण डाव्या हाताची शपथ लागत नाई. डावा हात कायचा असते, सगळ्याईले मालूम आहे. देवी थे आयकतच नाई." बाजार हसला. कोणीतरी म्हणाले, "बरं झालं भागरताबाई, नाई तं पोरगी शाळेत धाडा लागली असती!" आणि खरोखर एकही पोर शाळेत आली नाही. मास्तर, तुम्ही साक्षीला आहात.

त्याच संध्याकाळी मी तुला, माझ्या धाकट्या बहिणीला, भेटायला आले. वच्छी, तुला पाहून मी एवढी चिडले की नीट बोलूही शकले नाही, आणि मी बोलू शकत नाही असे सहसा होत नाही. श्रावणात भाताच्या रोवणीच्या वेळी बांधीच्या धुऱ्यावरून पाय घसरला आणि कोपर निखळले, एवढे मला कळले होते. गावात हाडे बसवणाऱ्या वारलूने ते जागेवर बसवले, बांबूच्या कांबी लावून हात छातीशी बांधला. वारलूला मी दोष देत नाही. तो तर म्हणाला होता, पोळ्याला सोडा. तुम्ही सोडलाही. पण हलवताना कळ आली, आणि घरात सगळे म्हणाले, दुखते म्हणजे अजून बरा नाही, बांधा परत. तू रडून म्हणालीस, मले चांद्याले न्या. तेव्हा तुला माता मायच्या झाडाखाली उभी करून शपथ घालण्यात आली की हात बरा होईपर्यंत बांधलेला सोडणार नाही आणि गावाची शीव ओलांडणार नाही. त्या संध्याकाळी मी आले तेव्हा तू चुलीजवळ बसली होतीस. तुझी लेक मंगली कडेवर यायला हात पसरत होती आणि तू तिला गुडघ्याने थोपवत होतीस. मी म्हटले, सोड ते फडके. तू म्हणालीस, "बाई, शपथ आहे." बस्स, तेवढेच. सोडल्याशिवाय बरा होणार नाही आणि बरा झाल्याशिवाय सोडायचा नाही. तुरुंगाला निदान फाटक असते. या शपथेला फाटकच ठेवलेले नाही.

मी चांद्याला आले ती रागाने आले. शपथ देता येत नाही असा हात घेऊन मी गावोगाव काय सांगणार? इथे एस्तेरबाई म्हणून एक बाई आहेत, मुंबईला जाऊन फिजिओथेरपी नावाची विद्या शिकून आलेल्या. शेकणे, हालचाल आणि व्यायाम यांनी सांधे आणि स्नायू पुन्हा कामाला लावायचे, अशी ती विद्या. मी पहिल्याच दिवशी त्यांना विचारले, ही विद्या खेड्यातल्या गरिबांपर्यंत का पोचत नाही, सरकार काय झोपले आहे का, आणि बरेच काही. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "मुद्दा बरोबर आहे, रंभाबाई. आता हात वर करून परत बोला." मला हसू आले. आमची रोज अशीच लढाई चालते. त्या माझ्या भाषणाला भीत नाहीत आणि मी त्यांच्या व्यायामाला भिते.

त्यांनी मला जे समजावले ते तुझ्या घरातल्या प्रत्येकाने ऐकावे. पडल्यावर, मुरगळल्यावर, सांधा निखळल्यावर सुरुवातीला विश्रांती हवीच, बांधणेही हवे. पण ते थोडेच दिवस. पुढेही बांधूनच ठेवले तर सांध्याभोवतीचे आवरण आखडते, जसे कातडे ओले करून वाळवले की होते. ज्या स्नायूला काम नाही तो बारीक होत जातो. मग पहिल्यांदा हलवताना जी कळ येते ती जखमेची नसते, आखडल्याची असते. आपण तिला जखमेची समजतो आणि परत बांधतो. वच्छी, मी ऐकतच राहिले. अख्ख्या मुलखाची गोष्ट वाटली मला ती. इतकी वर्षे बांधून ठेवलेल्या माणसांनी पहिल्यांदा हात हलवला की दुखते, आणि बांधणारे म्हणतात, पाहा, यांना सोडण्यात अर्थ नाही! पण असो, एस्तेरबाई म्हणतात मुलखाचे नंतर, आधी खांदा.

उपाय पाहशील तर हसशील. आधी गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने शेक. मग वाकून उभे राहायचे, हातात पाण्याचा तांब्या, आणि हात घंटेच्या लोलकासारखा झुलू द्यायचा. विहिरीवर असते तशी गडगडी भिंतीला टांगली आहे. तिच्यावरून दोर, दोन टोके दोन हातांत. चांगला हात खाली ओढायचा, दुखरा आपोआप वर जातो. आणि भिंतीवर बोटांनी चढायचे, मुंगीसारखे. जिथे बोट थांबेल तिथे कोळशाची रेघ. कितीतरी दिवस माझी रेघ हलली नाही. मी चिडून म्हटले, ही भिंतच वर सरकते आहे. एका सकाळी रेघ नखभर वर गेली आणि मी लहान पोरीसारखी ओरडले.

कोपराची तर गोष्टच वेगळी, आणि म्हणून मी तुझ्यासाठी ती नीट पाहून घेतली. माझ्या शेजारच्या खाटेवरची, खिडकी उघडून देणारी बाई म्हणजे जिवतीच्या डोंगरातली सुकरी. मोहाच्या झाडावरून पडली, तुझ्यासारखेच कोपर निखळले, तुझ्यासारखेच बांधून ठेवले. आली तेव्हा हात काटकोनात गोठलेला. उजव्या हाताचा घास तोंडाशी जात नव्हता, आणि डाव्या हाताने जेवायची तिला लाज वाटे, म्हणून पदर पुढे ओढून भिंतीकडे तोंड करून जेवायची. तिच्या कोपराला कोणी झटका दिला नाही. कोपराला ओढायचे नाही, चोळायचे नाही, तेलाचे मर्दन नाही, वजन लटकवायचे नाही. ओढले की आणखी आखडते. रुग्णाने स्वतः, स्वतःच्या जोराने, झेपेल तेवढे वाकवायचे आणि झेपेल तेवढे सरळ करायचे, रोज, कंटाळा येईस्तोवर. हे सगळे जवाईबापूंना मुद्दाम ऐकवा, कारण लटारूजींचा स्वभाव मी जाणते. बैलाला शिकवावे तसे ते हात धरून ताणतील. ताणू नका. आता सुकरी माझ्यासमोर बसून उजव्या हाताने भात खाते. हात पूर्ण सरळ नाही झाला. एस्तेरबाई म्हणतात, कदाचित कधीच होणार नाही, फार उशिरा आली. पण पाण्याचा गुंड उचलते, वेणी घालते. उशीर झाला नसता तर? वच्छी, हा प्रश्न मला झोपू देत नाही. तुझा उशीर रोज वाढतो आहे.

आता विहीणबाई, सूप खाली ठेवा. तुमच्याशी बोलते. मला ठाऊक आहे तुम्ही दुष्ट नाही. तुमच्या भावाला हात सडल्यावर शहरात नेले आणि तो एका हाताने घरी आला, हे तुम्हीच मला सांगितले होते. तेव्हापासून दवाखाना म्हणजे करवत, असे तुमच्या मनात बसले आहे. सून तशीच परत येईल या भीतीने तुम्ही तिला देवीपुढे उभी केलीत. त्या शपथेत माया होती, हे मी मानते. पण सडलेल्या हाताची गोष्ट वेगळी आणि आखडलेल्या कोपराची वेगळी. इथे करवत नाही. इथे तांब्या आहे, दोर आहे, गरम पाणी आहे आणि जरा जास्त बोलणारी एक बाई आहे. विश्वास नसेल तर तुम्हीही या. माझ्या खाटेखाली अंथरूण टाकू.

आणि आता, वच्छी, ज्यासाठी पत्र लिहिले ते. परवा भिंतीवर चढता चढता माझी बोटे थांबली आणि मनात एक प्रश्न आला. माता मायच्या झाडाखाली तू शपथ घेतलीस तेव्हा कोणता हात वर केला होतास? तुमच्या गावचा खासरवाला मुखरू मला भेटायला आला तेव्हा त्याला विचारले, तो त्या दिवशी तिथे होता. तो म्हणाला, "बाई, उजवा तं छातीले बांधून होता. डावाच उचलला बिचारीनं." विहीणबाई, भर बाजारात मिरच्या घेताना तुम्ही काय म्हणालात ते मास्तर विसरलेले नाहीत. डाव्या हाताची शपथ लागत नाही, देवी ती ऐकतच नाही. मग वच्छीचीही लागलेली नाही. आता कोणी म्हणेल, रंभाबाई, वच्छीची लागली तर तुमची शाळेचीही लागली, मग सगळ्या पोरी उद्यापासून शाळेत. एरवी मी हा वाद सोडला नसता. आज सोडते. माझ्या सगळ्या बाजाराची शपथ खोटी ठरू दे, मी आनंदाने मान खाली घालते. शाळेची शपथ मी पुन्हा देईन, उजवा हात वर करून. आज सकाळी खिडकीची कडी मी स्वतः काढली आहे. मुखरू अंगणात उभा असेल. त्याच्या खासरीत तणस पसरून वर घोंगडी टाकायला सांगितली आहे, वडशाला चांद्याची छोटी आगगाडी सापडेल. मंगलीलाही घे. मास्तर, पत्राची घडी करा, आणि विहीणबाई, देवीने न ऐकलेली गाठ तुमच्याच हाताने सोडा.

खिडकीशी उभी राहून तुझी वाट पाहणारी,
तुझीच,
रंभाबाई