दोरा बांधलेल्या आठ तारा

अब्बा, परवा सकाळी मी सायकलवरून कन्याकुमारीला निघते आहे. तुम्ही हातातला पाना खाली ठेवून चष्म्यावरून माझ्याकडे बघाल असं वाटलं, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं. बावन्न वर्षांची बाई, आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवत नकाशावरच हिंडलेली, आता खरोखर निघाली आहे. चार महिने तयारी चालली आहे. आधी रोज सकाळी कळंब्याच्या तलावापर्यंत, मग रविवारी नृसिंहवाडीला जाऊन-येऊन, आणि आता ओझ्याची सवय व्हावी म्हणून कॅरियरच्या दोन्ही बाजूंना तांदळाच्या पिशव्या बांधून मलकापूरपर्यंत. परत आले की शेजारीण ओट्यावरून ओरडते, "तांदळाला वारा दावून आणलासा व्हय, बाई?" मीही ओरडून सांगते, "व्हय, उद्या गव्हाचा नंबर हाय!"

मलकापूरच्या रस्त्याने मी शंभर वेळा तरी मोटारीतून गेले असेन. त्यात एवढे चढ आहेत हे मला पहिल्यांदा माझ्या मांड्यांनी सांगितलं. दम लागून थांबले की ओल्या मातीचा, गुऱ्हाळाचा वास येतो, आणि बांधावरचा कुणीतरी विचारतो, "कुठनं आलाय पावणं?" मोटारीतल्या बाईला कुणी असं विचारत नाही. तुम्ही म्हणायचात, "एस.टी.त बसलं की गाव मागं पळतंय. सायकलवर गाव आपल्यासंगं चालतंय." तेव्हा मला ती सायकल-दुकानदाराची बढाई वाटायची. तुम्ही स्वतः तरी कुठे लांब गेला होतात? आणि का गेला नाहीत, हे मला माहीत आहे. त्याचंच लिहायला बसले आहे.

मी पाचवीत होते. उत्तरेकडून निघालेला एक रापलेला सायकलवाला दुकानात आला. त्याचं मागचं चाक डोलत होतं. तुम्ही तारा आवळून त्याचा आउट काढायला बसलात आणि मी नेहमीसारखी दोऱ्याची रीळ धरून शेजारी बसले. तुमची एक पद्धत होती. चाक हातात आलं की आधी सगळ्या तारा बोटांनी चाचपायच्या, जी सैल लागेल तिला पांढरा दोरा बांधायचा. मग एकेक तार आवळायची, आवळली की तिचा दोरा सोडायचा. चाकावर एक जरी दोरा असला तरी ते गिऱ्हाईकाला द्यायचं नाही. काम होईपर्यंत तो माणूस तुम्हाला कन्याकुमारीचं सांगत राहिला, तीन समुद्र एका जागी कसे भेटतात ते. तो गेला आणि तुम्ही दुकानाच्या दारात उभे राहून त्याच्या रस्त्याकडे बघत राहिलात.

दुसऱ्या आठवड्यात तुमची स्वतःची सायकल तयार व्हायला लागली. नव्या तारा, नवे छर्रे, जाड पट्टीचं कॅरियर. गल्लीभर बोभाटा झाला की तुम्ही कन्याकुमारीला निघालात. अम्मीला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मला महिनाभर फुफीकडे, तुमच्या बहिणीकडे, मलकापूरला ठेवायचं ठरलं. "महिन्यात परत येतोय की गं," तुम्ही म्हणालात. अब्बा, अम्मीला दवाखान्यात नेतानाही तुम्ही असंच म्हणाला होतात, दोन दिवसांत परत येतोय. तुम्ही एकटेच परत आला होतात.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही मगरिबच्या नमाजाला गेलात. तारा आवळायचा पाना मला चालवता येत होता, तुम्हीच शिकवला होता. मी तो उलटा फिरवला. आठ तारा सैल केल्या. नववीला हात लावला तोवर बोळात तुमच्या चपला वाजल्या.

सकाळी मी दारात पिशवी घेऊन उभी आहे. फुफा मला न्यायला आलेत. तुम्ही सायकल दोन पावलं ढकलता आणि चाक ब्रेकला घासतं. तुम्ही सायकल उलटी करता, चाक फिरवता, तारा चाचपता. मला वाटतं, आता ओरडतील, आता मारतील. तुम्ही माझ्याकडे बघतसुद्धा नाही. उठता आणि फुफांना सांगता, "चाक तयार न्हाय." ते म्हणतात, "मग उद्या निघा की." तुम्ही म्हणता, "उद्या बी न्हाय." मग माझ्या हातातली पिशवी घेऊन आत ठेवता आणि चहाचं आधण चढवता.

त्यानंतर ते चाक पोत्यात गुंडाळलं गेलं. मी समजले, ते कायमचं कामातून गेलं. पुढे कितीतरी वर्षं गिऱ्हाईकं तुम्हाला छेडायची, "काय, झाली का कन्याकुमारी?" आणि तुम्ही हसून म्हणायचात, "चाकच तयार न्हाय की!" मी शेजारी बसून पंक्चर घासत असायचे आणि मान वर करायचे नाही. तुम्ही गेलात त्या दिवशीही सांगायचं राहिलं. सांगणार होते, खरंच. पण तुमचा हात हातात होता आणि मला तो सोडवून घ्यायचा नव्हता.

आता प्रवासात अडायला नको म्हणून मी स्वतःच्या चाकाचा आउट काढायला पुन्हा शिकले. आठ-दहा तारा आवळायला माझ्या गंजलेल्या हाताला पंधरा मिनिटं लागली. हातातला पाना तसाच राहिला. पंधरा मिनिटं! त्या सकाळी तुम्हाला पाच पुरली असती. त्याच दिवशी माळ्यावर चढून, धुळीने शिंकत ते पोतं सोडलं. चाक गंजलं आहे, पण दोरे तसेच आहेत. पिवळे पडलेले, तुमच्या गाठीचे. मोजले. आठ. बरोबर त्याच तारा. तुम्ही प्रत्येक शोधलीत, प्रत्येकीला दोरा बांधलात आणि एकही आवळली नाहीत. मी माळ्यावरच बसून रडले. नवरा खालून विचारत होता, "पाल हाय का वर?"

चाळीस वर्षं मला वाटत होतं की मी तुमची वाट अडवली. तुम्ही तर माझी भीती ओळखून स्वतःहून थांबला होतात, आणि मला कधी कळू दिलं नाहीत. यावरून तुमच्याशी भांडावंसं वाटतं, अब्बा. एकदा तरी माझ्यावर रागवायचं होतं. मी लगेच कबूल केलं असतं, आणि मग तुम्ही पुढच्या वर्षी गेला असतात.

ते चाक मी आवळलं नाही, दोरेही सोडले नाहीत. तुमचं कॅरियर मात्र माझ्या सायकलला बसवलं आहे. हे पत्र टाकायला पत्ता नाही, तेव्हा पंक्चरच्या डबीत घडी घालून ठेवीन.

घरात सगळे खूश आहेत. मुलगा पुण्याहून फोन करतो, "अम्मी, जा की बिनधास्त, लोकेशन तेवढं चालू ठेव." मुलीने मऊ सीट पाठवली. नवऱ्याने महिनाभराच्या डब्याची सोयसुद्धा लावून टाकली. आज दुपारी घरात कुणी नसताना मी सायकल उलटी करून मागचं चाक फिरवलं आणि एकेक तार बोटांनी चाचपली. सगळ्या घट्ट होत्या. कुणी एकही सैल केली नव्हती. खोटं कशाला बोलू, अब्बा, थोडं वाईट वाटलं.