आमच्या घरच्या दुधाचं फॅट

६ मे २०१९
एका दिवसात चारशे लिटर! असल्या दुष्काळात! आमच्या महिला दूध संस्थेत मे महिन्यात एवढं दूध चौदा वर्षांत आलं नव्हतं. केलं काय? मेंढपाळ वस्तीच्या बायकांचं दूध एकत्र ओतून सरसकट कमी भाव देत होतो, ते बंद केलं. आता प्रत्येकीचं दूध फॅट मोजायच्या मशीनवर, फॅटप्रमाणे पैसे. बायका खासगी डेअरीची गाडी सोडून आमच्याकडे आल्या. त्यांना भाव, संस्थेला नफा. मी बी.कॉम., संस्थेची अध्यक्ष, तरी हे सुचायला एवढी वर्षं लागली!

यांनी ताट भिरकावलं. "वस्तीवाल्या आता आपल्या बरोबरीला?"

९ मे
वस्तीवरची साखराबाई भर रांगेत म्हणाली, "बाई, समद्यांचं मशीनीत घातलं. तुमच्या घरचं कावून न्हाई?" रांग हसली.

आमच्या दहा म्हशींचं दूध. न तपासता, वरच्या भावाने, मीच घेत आले. आज तपासलं. निम्मं पाणी! सगळ्यांदेखत गटारीत ओतलं.

१० मे
गालावर पाच बोटं. पदर न ओढता संस्थेत गेले. दूध वेळेवर घेतलं.

११ मे
हे सकाळी कुऱ्हाड घेऊन आले. तीन घावांत मशीन फोडलं. साखराबाई आडवी गेली — दांडा तिच्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. रांगेतल्या भामाबाईने भरलेला कॅन यांच्या गुडघ्यावर हाणला, तेव्हा कुऱ्हाड पडली. फरशीभर दूध, त्यात रक्त. एकही बाई पळाली नाही.

१२ मे
धाकटे दीर अर्जुनराव आले. "वैनी, घरातली भानगड हाय. कुनी अनोळखी व्हते म्हणून पोलिसात लिहून द्या. नवं मशीन मी देतो."

साखराबाई अंबाजोगाईला दवाखान्यात. फोनवर म्हणते, "एक हात हाय की! दोन्ही हातानं पिळून म्हैस लई लाडावली व्हती." मग — "तुमी नाव न्हाई घेतलं तर आमी परत गाडीला दूध घालू, बाई."

बरोबर आहे तिचं.

१३ मे
फौजदारांनी विचारलं, "मारणाऱ्याचं नाव?" लग्नाच्या एक्केचाळीस वर्षांत उखाण्यापलीकडे कधी घेतलं नव्हतं. घेतलं. भगवानराव — वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

दोनदा घ्यावं लागलं. पहिल्या वेळी फौजदारांनी लिहिलंच नाही.