लाल तेल

बाबा, आज गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल बदलून आणलं. खालचं बूच काढल्यावर ते काळपट, जळक्या वासाचं तेल धारेने पडलं आणि मला तुम्ही इतके आठवलात, की मी गॅरेजबाहेर येऊन उभी राहिले.

जन्मभर तुम्ही मेहकरच्या रस्त्याने काळी-पिवळी चालवली. अर्धांगाने डावा पाय गेला तेव्हा डॉक्टरांआधी तुम्हीच म्हणालात, "क्लचचा पाय गेला. झालं आता." त्यानंतर ओसरीत बसून तुम्ही रस्त्यावरच्या गाड्यांचे गिअर नुसते कानांनी बदलायचात. ते मला बघवेना, म्हणून मी ही जुनी, क्लच नसलेली, आपोआप गिअर बदलणारी गाडी आणली. नवा परवाना निघाला. पहिल्याच दिवशी मैदानात एक फेरी मारून तुम्ही थांबलात आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवलंत.

"काऊन रडून राह्यले?" मागून आईने विचारलं.

"रडून नाही राह्यलो वं. मेलेला पाय बी क्लच शोधून राह्यला."

मग तुम्ही त्या गाडीचेच झालात. गाडी सपाट जागी उभी करायची, इंजिन गरम होऊ देऊन चालूच ठेवायचं, तेलाची पट्टी काढून पुसायची, पुन्हा घालून बघायची. मला हाक मारून दाखवायचात, "लाल हाय तंवर बरं. काळं पडलं, जळका वास आला, का बदलाचं. अन् दुसरं कोनतं तेल यात घालाचं नाही."

वडनेर भोलजीला आत्याकडे निघालो होतो तो दिवस आठवतो? गाव जवळ आलंय, इंजिन नुसतं गुरगुरतंय, गाडी हलत नाही. वाकून पाहते तर नळीतून लाल थेंब गळतायत. कपाशीतून माणसं धावत आली.

"धक्का मारू का काका?"

"नाही बे. इंजिन चालू हाय, पन जोर चाकापर्यंत जाऊन नाही राह्यला. तो जोर हे तेलच नेते." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणालात, "हे तेल म्हंजे माहा डावा पाय हाय, पोरी."

दोर बांधून ओढूही दिली नाहीत. चाकं फिरली तर गिअरबॉक्स आतून जळेल म्हणालात. टेम्पो येईपर्यंत आपण निंबाखाली बसलो, आत्याने तिथेच भाकरी आणि ठेचा पाठवला, आणि तुम्ही सगळ्या गावाशी गप्पा मारल्यात. आजारपणानंतर तुम्हाला इतकं मोठ्याने हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. मेकॅनिक म्हणाला, ताई, विकून टाका. मी नाही म्हटलं आणि नवं तेल भरायला सांगितलं.

हा कागद कुठे टाकणार? तुमचा पत्ताच नाही. पण एक तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. मला गाडी चालवायला कधीच आवडलं नाही, बाबा. मला तुमच्या शेजारी बसायला आवडायचं.