दुकानाची पाटी आणि मनकर्णाची वही

लिहून ठेवणार: गोरक्ष रामहरी वाळुंज, वय ६६, धंदा कॉम्प्युटर दुरुस्ती, राहणार देवळाली प्रवरा, तालुका राहुरी, जिल्हा अहिल्यानगर (जुन्या कागदांवर अहमदनगर, माणूस तोच).

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी माझ्या छातीत दोन स्टेंट बसवले. शरीर सावरते आहे, बुद्धी जागेवर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. बायकोकडे मागितला असता तर मिळाला नसता. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कोणाच्या भरीला न पडता, दुकानातल्या टेबलावर स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी पत्नी मनकर्णा टाइप करून द्यायला तयार होती, पण जिला मिळकत द्यायची तिच्याच हातून कागद करू नये, असे वकील शामकांतराव म्हणाले. ती समोर बसून दूध संस्थेच्या जुन्या कॉम्प्युटरवर पुन्हा ते जुने विंडोज एक्सपी टाकते आहे. संस्थेचा दुधाचे फॅट मोजायचा प्रोग्रॅम दुसऱ्या कशावर चालत नाही.

कलम १. माझ्या वाट्याची सव्वा एकर जमीन मुलगा अमृत यास. ऊस ठेवावा की मोडावा, हे त्याने ठरवावे.

कलम २. राहते घर मनकर्णाला, पूर्ण मालकीने.

कलम ३. स्टँडजवळचा गाळा, म्हणजे ‘गोरक्ष कॉम्प्युटर्स’ हे दुकान, हेही मनकर्णाला. याचे कारण लिहिणे भाग आहे. मी दवाखान्यात असताना अमृत पुण्याहून आला आणि म्हणाला, “पप्पा, तुमच्यानंतर दुकानाला काय अर्थ आहे? मम्मीला त्यातलं काय कळतं? गाळा विकून टाकू.” पोरगा वाईट नाही. त्याला जे दिसले ते तो बोलला. खरे काय ते मी त्याला कधी सांगितलेच नाही, तेव्हा दोष माझा.

खरे असे आहे. सन २००५ मध्ये दूध संस्थेत पहिला कॉम्प्युटर आला. नगरला तीन महिन्यांचा कोर्स केला एवढ्या भांडवलावर मी गावात मिरवत होतो. चेअरमन, क्लार्क सहादेव कोळसे आणि किटल्या घेऊन आलेले पन्नास लोक बघत उभे. निळा पडदा आला, एफ-एट दाबले, फाइली चढल्या, मशीन आपोआप बंद होऊन परत सुरू झाले. पडद्यावर आले, सीडीवरून सुरू करायचे तर कोणतेही बटण दाबा. मी दाबले. पुन्हा निळा पडदा, पुन्हा पहिल्यापासून. असे चार वेळा. सीडी खराब आहे असे मी जाहीर केले. दुसरी आणवली, तीही खराब आहे असे जाहीर केले. दुपारचे दोन वाजले.

मनकर्णा डबा घेऊन आली होती. तिने एक फेरा पाहिला आणि माझ्या कानाशी म्हणाली, “अवो, दर येळेला बटन कशाला दाबताय? एकदा घरात गेल्यावर परत कडी वाजवत्यात व्हय?”

पुढच्या वेळी मी हात मागे घेतला, तेव्हा मशीन सीडीकडे न वळता चढलेल्या फाइलींवरून पुढे गेले. तासाभरात पडद्यावर एक्सपीचे हिरव्या टेकडीचे चित्र आले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. चेअरमननी विचारले, काय बिघाड होता? मी म्हणालो, “बायोसमध्ये होता, काढला.” मनकर्णा डबा उघडत होती. तिने माझ्यापुढे भाकरी ठेवली.

त्या एका थापेवर हे दुकान उभे आहे. तिच्या वडिलांची संगमनेरला पिठाची गिरणी होती. जाते कुठे अडले हे ती लहानपणापासून आवाजावरून ओळखायची. कॉम्प्युटरचेही तसेच. एक लांब आणि दोन आखूड बीप वाजले की डिस्प्लेचे कार्ड, नुसते लांब ओरडत राहिले की रॅम. ती आतल्या खोलीत दुरुस्त करायची, मी बाहेर गिऱ्हाइकाला समजावून सांगायचो. अमृतचा कॉलेजचा प्रोजेक्ट उडाला होता, तो तिने दोन दिवस बसून परत काढला. पोरगा पाया पडला माझ्या. आणि मी आशीर्वाद दिला.

कलम ४. दोनशे पानी वही. ही मनकर्णाची आहेच, पण उद्या कोणी रद्दीत घालू नये म्हणून नोंदवतो. सातवी शिकलेल्या बाईने वीस वर्षे लिहिलेली आहे. नमुन्यादाखल: ‘चौतीस मिनिटं बाकी असं दाखवून गाडी थांबली तर वायर उपटू नये. भाजी निवडायला घ्यावी. भाजी झाली तरी हलली नाही तर मग सीडी पुसावी.’ आणि: ‘तारीख मागं गेली म्हणजे आतला सेल संपला. गिऱ्हाइकाला हसू नये.’ माझा कोर्स या वहीपुढे पाणी भरतो.

कलम ५. समोरचे दुकानदार सुहास यांनी आमच्या गिऱ्हाइकांना “त्या एक्सपीला आता अग्नी द्या” असे सांगून बरीच चांगली मशीन भंगारात घालवली. त्यांना वहीतील पान ४१ ची झेरॉक्स द्यावी. ‘नवीन घ्या म्हणण्याआधी करायच्या सहा गोष्टी.’ पहिलीच गोष्ट रॅमच्या पट्टीला खोडरबर घासून मळ काढण्याची आहे, म्हणून सोबत एक खोडरबरही द्यावा.

कलम ६. वार्षिक सभेत संस्थेने मला दिलेली शाल कपाटात डांबराच्या गोळ्या घालून ठेवली आहे. ती मनकर्णाची आहे. मी तिचा फार ऋणी आहे. हे तोंडाने कधी म्हटले नाही, म्हणून कागदावर म्हणतो.

कलम ७. माझ्या पश्चात दुकानाची पाटी बदलून ‘मनकर्णा कॉम्प्युटर्स’ अशी करावी.

इथवर लिहून मी तिला सगळे वाचून दाखवले. तिने पडद्यावरची नजर काढली नाही. “मेल्यावं कशापायी?” म्हणाली. “तवा मी लोकांला पाटी का बदलली ते सांगत बसू, का तुमचं तेराव्याचं बघू?” थोड्या वेळाने म्हणाली, “पाटीचं ऱ्हाऊ द्या. आदी अमृतला फोन लावा. त्येला तुमच्या तोंडून कळू द्या.”

स्पीकरवर लावला. कलम तीन जसेच्या तसे वाचून दाखवले.  मग त्याने विचारले, “मम्मी, प्रोजेक्ट तू काढला होतास?”

“व्हय.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुजा पेपर हुता दुसऱ्या दिवशी. आन् ह्यांचा चेहरा लई खुशीत हुता.”

तो म्हणाला, “रविवारी येतो. पाया पडायचं राहिलंय.” मनकर्णाने पदर डोळ्याला लावला आणि संस्थेच्या मशीनचे स्क्रू आवळायला घेतले.

सबब कलम ७ मी आडवी रेघ मारून रद्द करीत आहे. नवी पाटी रंगवायला पेंटरला रविवारचे सांगितले आहे. ते काम मी माझ्या डोळ्यांनी बघणार.

बाकी कलमे कायम. अंमलबजावणी वकील शामकांतराव यांनी करावी. खाली सही केली.

(सही) गोरक्ष रामहरी वाळुंज

साक्षीदार
१. (सही) मालनबाई दगडू पवार, शेजारचे शिलाई दुकान.
२. (सही) सहादेव भिकाजी कोळसे, निवृत्त क्लार्क, दूध संस्था. सही माझ्यासमोर झाली. २००५ साली मी कॉम्प्युटरच्या शेजारीच उभा होतो. कडीचे वहिनी बोलल्या ते मी ऐकले होते आणि मीही गप्प बसलो. तेवढे माझ्या नावावर लिहून घ्यावे.

ठिकाण: देवळाली प्रवरा
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५